क्लारा शूमान गप्प झाली नव्हती

जर्मन पियानोवादक आणि संगीतकार क्लारा शूमानविषयी (1819–1896) जे काही लिहिले जाते त्यात एक विधान हमखास आढळते : पतीच्या, म्हणजे संगीतकार रॉबर्ट शूमानच्या, निधनानंतर तिने संगीतरचना सोडून दिली. कुणी ते हळहळून लिहितो, कुणी कौतुकाने. कुणाला त्यात पतिनिष्ठ स्त्रीचा त्याग दिसतो, तर कुणाला पुरुषी व्यवस्थेने गळा दाबलेली प्रतिभा दिसते. दोन्ही बाजूंचे लोक परस्परांशी भांडत असले तरी मूळ विधान दोघांनाही मान्य असते. ऑपस 1 ते ऑपस 23 असे छापील रचनांचे क्रमांक, छत्तीस-सदतिसाव्या वर्षी पूर्णविराम, आणि पुढची चाळीस वर्षे केवळ वादन. या सगळ्या मांडणीलाच माझी हरकत आहे. क्लाराने कमी लिहिले हे खरे आहे. पण ते का कमी लिहिले गेले याचे उत्तर त्यागात किंवा दडपशाहीत शोधण्याआधी तिच्या घराच्या भिंतींत आणि तिच्या दिवसाच्या तासांत शोधले पाहिजे. आणि ज्या चाळीस वर्षांना आपण रचनेच्या दृष्टीने रिकामी मानतो ती रिकामी वाटतात, कारण आपण कागदावर उतरलेल्या संगीतालाच तेवढी निर्मिती समजतो.

प्रथम तिची घडण पाहू. लाइपझिगमध्ये फ्रीडरिश वीक हा पियानो शिकवणारा, पियानो विकणारा आणि स्वतःच्या शिक्षणपद्धतीवर अपार विश्वास असलेला गृहस्थ होता. त्याची पत्नी मारियाने स्वतः उत्तम गायिका आणि पियानोवादक होती. 1824 मध्ये ती त्याला सोडून माहेरी गेली, तेव्हा तिने क्लाराला बरोबर नेले. पण सॅक्सनीच्या कायद्यानुसार मुलांवर हक्क बापाचा, म्हणून पाचवा वाढदिवस झाल्यावर क्लाराला लाइपझिगला परत पाठवावे लागले. तिची रोजनिशी बापाने 1827 मध्ये सुरू केली, आणि ती मुलीच्या तोंडून, प्रथमपुरुषी ‘मी’ वापरून, वर्षानुवर्षे स्वतःच लिहिली. मुलीच्या ‘मी’वरसुद्धा बापाची मालकी होती. ही गोष्ट वाचून संताप येतो आणि तो रास्त आहे. मात्र त्याच बापाने तिला केवळ बोटे चालवायला शिकवले नाही. थिओडोर वाइनलिश (ज्याच्याकडे वाग्नरही शिकला) आणि हाइनरिश डोर्न यांच्याकडे तिने काउंटरपॉइंटचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र स्वररेषांच्या गुंफणीचा अभ्यास केला. गाणे शिकली, व्हायोलिन शिकली. 1830 च्या दशकात मैफल गाजवायची तर वादकाने स्वतःच्या रचना वाजवणे हे धंद्याचे अंगच होते. रचना करणे क्लारासाठी धाडस नव्हते, बंडखोरी तर मुळीच नव्हती. ती तिच्या पेशाची नेहमीची बाब होती. तिचे ऑपस 1, चार पोलोनेझ, 1831 मध्ये छापले गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

1833 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तिने पियानो आणि वाद्यवृंदासाठी एक भाग लिहायला घेतला. त्याचे वाद्यवृंदलेखन रॉबर्ट शूमानने केले होते. पुढे त्याला आधीचे दोन भाग जोडून तिने पूर्ण कॉन्चेर्टो सिद्ध केला, आणि 9 नोव्हेंबर 1835 रोजी लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनच्या संचालनाखाली तो स्वतः वाजवला. सोळा वर्षांच्या मुलीचे काम म्हणून सवलत देऊन ही रचना ऐकण्याची गरज नाही. तिचे तीन भाग मध्ये न थांबता एकातून दुसऱ्यात जातात. दुसऱ्या भागात, ‘रोमान्झे’मध्ये, सगळा वाद्यवृंद गप्प बसतो, आधी पियानो एकटा गातो आणि मग त्याच्या सोबतीला फक्त एक चेलो येतो. कॉन्चेर्टो म्हणजे एकल वादक आणि समूह यांची झुंज असे समजले जाणाऱ्या काळात या मुलीने समूहाला बाजूला सारून दोनच वाद्यांचा संवाद मांडला, आणि टिंपनीच्या (नगाऱ्यासारख्या वाद्याच्या) दबक्या घुमाऱ्यातून पुढच्या भागाचा दरवाजा उघडला. हे सुचायला धिटाई लागते आणि वाद्यवृंदाचा अंदाजही लागतो.

यानंतर चारच वर्षांनी तिने रोजनिशीत लिहिलेली नोंद सर्वत्र उद्धृत होते. नोव्हेंबर 1839 मध्ये ती लिहिते की, आपल्याकडे सर्जनाची शक्ती आहे असे मला एकेकाळी वाटत होते, पण आता मी ती कल्पना सोडून दिली आहे. स्त्रीने रचना करण्याची इच्छाच धरू नये, आजवर कुणा स्त्रीला ते साधलेले नाही, मग मलाच ते साधेल अशी अपेक्षा मी का करावी? वाचणारा खिन्न होतो आणि पान उलटतो. पण ही नोंद कोणत्या परिस्थितीत झाली ते पाहिले पाहिजे. रॉबर्टशी लग्नाला परवानगी मिळावी म्हणून ती बापाविरुद्ध न्यायालयात उभी होती. मैफलींतून तिने मिळवलेला पैसा बापाच्या ताब्यात होता. घर सुटले होते आणि ती बर्लिनला आईच्या आसऱ्याने राहत होती. कॉन्चेर्टोसह दहाएक ऑपस छापून झालेली, व्हिएन्नाच्या दरबाराने 1838 मध्ये ‘राजवादक’ म्हणून गौरवलेली, ग्रिलपार्झरसारख्या नाटककाराने जिच्या बेथोव्हेनवादनावर कविता लिहिली अशी वीस वर्षांची मुलगी ‘आजवर कुणा स्त्रीला साधले नाही’ असे लिहिते, तेव्हा आपण तिच्या क्षमतेविषयी काहीच ऐकत नसतो. तिच्यासमोर पूर्वसुरी म्हणून कुणाचे नावच नव्हते, एवढेच त्या नोंदीतून कळते. पूर्वी स्त्रिया रचना करत नव्हत्या असे मुळीच नाही. त्यांच्या रचना पुढच्या पिढीच्या हाती पोचतच नव्हत्या. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे.

12 सप्टेंबर 1840 रोजी, एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिचे लग्न झाले. नवराबायकोने मिळून एक रोजनिशी लिहायची, ती आळीपाळीने एकमेकांकडे द्यायची असे ठरले. ही रोजनिशी एकोणिसाव्या शतकातील संगीताच्या इतिहासातला माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका दस्तऐवज आहे, कारण तीत प्रतिभेपेक्षा घरच अधिक दिसते. लाइपझिगच्या त्या घराच्या भिंती पातळ होत्या. रॉबर्ट लिहीत असला की क्लाराने पियानोला हात लावायचा नाही, कारण त्याच्या कानात उमटत असलेले स्वर तिच्या वादनाने विस्कटत. 1841 च्या उन्हाळ्यात ती तक्रार करते की रॉबर्ट रचना करू लागला की माझे वादन नेहमीच मागे पडते, साऱ्या दिवसात माझ्यासाठी तासभरही मिळत नाही. त्याच वर्षाच्या जानेवारीत रॉबर्टने आपल्या पहिल्या सिंफनीचा आराखडा चार दिवसांत पुरा केला होता. त्या चार दिवसांच्या झपाटलेपणाचे वर्णन सगळीकडे वाचायला मिळते; त्या दिवसांत शेजारच्या खोलीतला दुसरा पियानो बंद होता हे मात्र कुणी फारसे लिहीत नाही.

रॉबर्टला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि अलीकडे ते आवडीने केले जाते. मला ते पटत नाही. तिने गीते लिहावीत म्हणून तोच तिच्या मागे लागला. र्‍युकर्टच्या कवितांवरचा 1841 चा गीतसंग्रह दोघांच्या नावे निघाला आणि त्यातले कोणते गीत कोणाचे हे छापील प्रतीत सांगितलेले नव्हते. तिच्या रचना छापल्या जाव्यात यासाठी तो प्रकाशकांशी बोलत असे. 1843 च्या फेब्रुवारीत त्याने त्याच सामायिक रोजनिशीत लिहिले की क्लाराने पूर्वी कधी न गाठलेल्या नाजूक कल्पकतेच्या काही रचना केल्या आहेत. पण मुले आणि सतत कल्पनेच्या जगात वावरणारा नवरा यांचा रचनेशी मेळ बसत नाही, तिला नियमित काम करता येत नाही, आणि किती सखोल कल्पना अशा वाया जात असतील या विचाराने आपण अस्वस्थ होतो. म्हणजे त्याला सगळे दिसत होते, त्याचे दुःखही होत होते, आणि तरीही त्याच्या दिवसातला एकही तास तिच्याकडे सरकत नव्हता. प्रेमळ, समजूतदार, पत्नीच्या गुणांची खरी पारख असलेला माणूस घरात असूनही हे घडते, हीच या कहाणीतली विचार करायला लावणारी गोष्ट आहे. एखादा दुष्ट नवरा असता तर प्रश्न त्याच्यापुरता राहिला असता.

1841 ते 1854 या तेरा वर्षांत तिला आठ मुले झाली. त्यांतला एमिल दीड वर्षाचा होण्याआधीच गेला. त्याच काळात तिने 1844 मध्ये रशियाचा दीर्घ दौरा केला, 1845 मध्ये रॉबर्टचा पियानो कॉन्चेर्टो ड्रेस्डेनमध्ये प्रथम वाजवला, आणि मे 1849 च्या ड्रेस्डेनमधील उठावात, सात महिन्यांची गरोदर असताना, मागे राहिलेल्या मुलांना आणण्यासाठी पहाटेच्या अंधारात बंदुकांच्या आवाजातून शहरात परत गेली. हे वाचल्यावर तिने इतके कमी का लिहिले असे विचारवत नाही. एवढे तरी कधी लिहिले याचेच नवल वाटते.

आता 1853 हे वर्ष पाहा. माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा याच वर्षात आहे. तोवर शूमान कुटुंब ड्युसेलडॉर्फमधील बिल्कर स्ट्रासेवरच्या घरात राहायला गेले होते. या घरात क्लाराची वाजवण्याची खोली वेगळ्या मजल्यावर होती, आणि रॉबर्टला त्रास न होता आपल्याला सराव करता येतो याचा तिला लग्नानंतर प्रथमच दिलासा मिळाला. त्या उन्हाळ्यात काय झाले? वाढदिवसाची भेट म्हणून रॉबर्टच्याच एका विषयस्वरावर तिने व्हेरिएशन्स (एकाच धुनेची बदलती रूपे) लिहिली, ते ऑपस 20. मग पियानोसाठी रोमान्स, व्हायोलिन-पियानोसाठी व्हायोलिनवादक योझेफ योआखिमला अर्पण केलेले तीन रोमान्स, आणि हेर्मान रोलेटच्या कवितांवरील सहा गीते : ऑपस 21, 22, 23. अनेक वर्षे जवळजवळ काहीच न लिहिलेली, चौतिशीला टेकलेली, सहा मुलांची आई काही महिन्यांत चार ऑपस लिहून मोकळी होते. जून महिन्यात ती रोजनिशीत लिहिते की निर्मितीच्या आनंदावर मात करणारे दुसरे काही नाही, निदान त्यात मिळणाऱ्या आत्मविस्मृतीच्या तासांसाठी तरी. ही ती 1839 मधलीच व्यक्ती आहे. मधल्या काळात तिच्या प्रतिभेत फरक पडलेला नाही. बदलला आहे तो एक मजला.

पुढच्या फेब्रुवारीत रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवले गेले, मार्चमध्ये एन्डेनिशच्या मनोरुग्णालयात नेले गेले, आणि जुलै 1856 मध्ये तेथेच तो वारला. क्लाराच्या पदरी सात मुले होती. मित्रांनी देऊ केलेली आर्थिक मदत तिने नाकारली आणि 1854 च्या शरदातच दौरे सुरू केले. रचनेतून मिळणाऱ्या मानधनावर सात मुलांचे घर चालणे शक्य नव्हते. मैफलींच्या मिळकतीवर चालणे शक्य होते. हा निर्णय हिशेबी होता आणि अचूक होता. (या वर्षांतील तरुण संगीतकार ब्राम्सशी तिच्या नात्याविषयी आजवर जेवढी शाई खर्ची पडली आहे तिच्या दशांशाने तरी तिच्या जमाखर्चाविषयी पडायला हवी होती.) एक मुलगा पुढे मनोरुग्णालयात गेला, दुसरा युद्धात लागलेल्या मॉर्फिनच्या व्यसनाने उद्ध्वस्त झाला आणि त्याच्या मुलांचा भार आजीवर आला. 1891 पर्यंत, म्हणजे सत्तरी ओलांडेपर्यंत, ती व्यासपीठावर वाजवत राहिली.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. क्लाराला वादन मनापासून आवडत होते. केवळ गरजेपोटी ती वाजवत नव्हती. वाजवल्याशिवाय तिला श्वास कोंडल्यासारखे होई, हे तिच्या पत्रांतून पुन्हा पुन्हा जाणवते. मग तिने रचनेऐवजी वादन निवडले असे सरळ का म्हणू नये? म्हणावे. माझी त्याला हरकत नाही. पण तसे म्हटले की लगेच एक शब्द न उच्चारता जोडला जातो : ‘फक्त’. तिने फक्त वादन निवडले. रचना ही वरची पायरी, वादन ही खालची, आणि ती वरून खाली उतरली असा त्याचा अर्थ होतो.

या पायऱ्या कुणी रचल्या हे क्लाराच्या आयुष्यात अगदी जवळून पाहता येते. 1846 मध्ये शिल्पकार एर्न्स्ट रिट्शेलने शूमान पतिपत्नींचे उठावशिल्प केले. दोघांचे चेहरे एका बाजूने, एकाच्या मागे दुसरा. पुढे कुणी असावे? रॉबर्टचा आग्रह होता की आपण पुढे असावे, कारण निर्माण करणाऱ्याचा मान वाजवणाऱ्याच्या आधी येतो. त्याप्रमाणे झाले. त्यात नवरेपणाचा अहंकार किती आणि त्या काळच्या जर्मन सौंदर्यविचाराची निष्ठा किती हे वेगळे करणे कठीण आहे. मला वाटते निष्ठाच अधिक. ज्या वर्षी तो चेहरा मागे कोरला गेला त्याच वर्षी क्लाराने आपली सर्वश्रेष्ठ रचना, सोल (G) मायनरमधील पियानो ट्रायो (पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांसाठीची रचना), ऑपस 17, लिहून पूर्ण केली. म्हणजे ती ‘निर्माण करणारी’ही होतीच. पहिल्या तालमीनंतर तिने लिहिले की स्वतः काही रचावे आणि मग ते ऐकावे यासारखा आनंद नाही. आणि लगेच पुढे, अर्थात हे एका बाईचे काम, त्यात जोम कमी आणि कल्पकताही अधूनमधून तोकडी. पुढच्या वर्षी रॉबर्टचा ट्रायो आल्यावर तिला आपला ट्रायो बायकी आणि भावविवश वाटू लागला. बाहेरच्यांना मात्र उलटाच प्रश्न पडत होता. योआखिमने तिला 1860 मध्ये लिहिलेल्या पत्रात एक आठवण आहे : या ट्रायोच्या शेवटच्या भागातली फ्यूगसारखी (एकच धून स्वररेषांनी पाठोपाठ उचलण्याची) गुंफण ऐकून, इतके भक्कम आणि गंभीर काम स्त्रीचे असेल यावर त्याचा विश्वास बसेना आणि मेंडेल्सोन त्याला खो खो हसला.

ज्या परंपरेत आपण मराठी श्रोते वाढलो तिच्यात या उतरंडीला आधार नाही. बंदिश कुणाची हे आपण आदराने सांगतो, पण मैफलीत राग उभा करणारा गवई हा त्या बंदिशीचा नुसता वाहक आहे असे आपल्याला कधी वाटत नाही. तो जे करतो तीच निर्मिती. त्यामुळे क्लाराच्या आयुष्यातली एक गोष्ट आपल्याला पाश्चात्त्य श्रोत्यांपेक्षा चटकन समजावी. मैफलीत एक रचना संपून दुसरी सुरू करण्यापूर्वी क्लारा उत्स्फूर्त वाजवत असे. पुढच्या रचनेच्या स्वरात श्रोत्याला अलगद नेऊन सोडणारी ही प्रेल्यूड्स ती जागच्या जागी रचत असे. पन्नासहून अधिक वर्षे, युरोपभरच्या सभागृहांत, हे चालू होते. 1895 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, मुलींच्या आग्रहावरून तिने त्यांतली काही लिहून काढली. आणि तक्रार केली की हे फार अवघड आहे, कारण मी दर वेळी वेगळे वाजवते, पियानोपाशी बसल्यावर जसे सुचेल तसे. याला रचना म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? बेथोव्हेनच्या तिसऱ्या आणि चौथ्या कॉन्चेर्टोसाठी तिने कडेन्झा (एकल वादकाने एकट्याने वाजवायचे भाग) लिहिले, मोत्सार्टच्या रे (D) मायनर कॉन्चेर्टोसाठी लिहिले. 1879 मध्ये मित्रांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवासाठी एक मार्च लिहिला. ‘1856 नंतर रचना नाही’ हे विधान नुसत्या तपशिलातही तंतोतंत खरे नाही.

शिवाय मैफलीची आजची घडणही बऱ्याच अंशी तिच्या हातची आहे. तिच्या लहानपणी पियानोवादकाने चमत्कृतीच्या चटपटीत रचना वाजवायच्या आणि टाळ्या घ्यायच्या अशी रीत होती. तिने हळूहळू बाख, बेथोव्हेन, शोपां, शूमान यांना कार्यक्रमाच्या मध्यभागी आणले. ती सगळे पाठ वाजवत असे, आणि बर्लिनमध्ये बेटीना फॉन आर्निमसारख्या विदुषीला तो उर्मटपणा वाटला होता. आज पुस्तक न ठेवता वाजवणे हा एकल वादनाचा शिरस्ता आहे. 1878 मध्ये फ्रँकफुर्टला नव्याने सुरू झालेल्या होख संगीतविद्यालयात तिला प्राध्यापक नेमले गेले. तेथील संचालक योआखिम राफ याचे म्हणणे असे की मादाम शूमान सोडल्यास या संस्थेत स्त्रीशिक्षक नाही आणि नसेल. आणि मादाम शूमानला तर मी पुरुषच धरतो. गौरव म्हणून उच्चारलेल्या या वाक्यात नियम जसाच्या तसा ठेवून एका व्यक्तीला त्यातून वगळण्याची युक्ती आहे. असा सन्मान मिळालेली स्त्री तिच्यामागून येणाऱ्या कुणासाठीच वाट मोकळी करू शकत नाही, कारण मुळात ती स्त्री म्हणून आत आलेलीच नसते. क्लाराने मात्र आपल्या दोन मुलींना, मारी आणि ऑयगेनी यांना, साहाय्यक शिक्षिका म्हणून तेथे आणले. तिच्या शिष्या फॅनी डेव्हिस यांनी 1928 मध्ये ध्वनिमुद्रित केलेला रॉबर्टचा कॉन्चेर्टो आज ऐकता येतो. मुद्रणाच्या खरखरीतूनही त्यातला गाता, घाई न करणारा स्पर्श कानी येतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न : क्लाराच्या रचना खरोखरच तेवढ्या मोठ्या आहेत काय? हा प्रश्न टाळणारे लोक तिच्यावर उपकार करत नाहीत. माझे उत्तर असे की ट्रायो नक्कीच मोठा आहे. त्याचा तिसरा, संथ भाग ऐकावा. पियानो एकटाच सुरुवात करतो. सोल मेजरमधले साधे, मनातल्या मनात म्हटल्यासारखे गीत. मग व्हायोलिन ते उचलतो. मध्येच सगळे मायनरमध्ये ढवळून निघते, लय तुटक होते. आणि गीत परत येते ते चेलोच्या गळ्यातून, खालच्या सप्तकात, वय वाढून आल्यासारखे. हे लिहिणाऱ्या व्यक्तीला कोणत्या वाद्याला केव्हा बोलू द्यावे हे पुरते ठाऊक होते. सगळ्याच रचना या उंचीच्या नाहीत. बालवयातील काही पोलोनेझ आणि वाल्झ त्या काळच्या दिवाणखान्याची मागणी पुरवणारे आहेत. पण असे रॉबर्टच्या किंवा मेंडेल्सोनच्या कोणत्याही संपूर्ण यादीविषयी म्हणता येईल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एखादी रचना मोठी आहे हे ठरते कसे? ती वारंवार वाजते, वेगवेगळे हात तिच्यावरून फिरतात, एक पिढी चुकीची वाजवते आणि दुसरी दुरुस्त करते, तेव्हा ठरते. हे आपल्याला क्लारानेच दाखवून दिले. रॉबर्टच्या हयातीत त्याच्या पियानोरचना दुर्बोध आणि विक्षिप्त समजल्या जात. ती चाळीस वर्षे त्या वाजवत राहिली, सुरुवातीला तुकड्यातुकड्यांनी, श्रोते तयार झाल्यावर पूर्ण. 1881 पासून तिने ब्राइटकोप्फ उंड हेर्टेल या प्रकाशनसंस्थेसाठी त्याच्या समग्र रचनांची आवृत्ती संपादित केली. ब्राम्सच्या कीर्तीलाही तिच्या हातांचा असाच आधार मिळाला. रॉबर्टच्या मोठेपणाच्या उभारणीत क्लाराची चार दशकांची मजुरी आहे. क्लारासाठी अशी मजुरी कुणीच केली नाही. तिनेही स्वतःसाठी केली नाही. तिचा कॉन्चेर्टो तिने तरुणपणानंतर जवळजवळ बाजूलाच ठेवला.

हीच गोष्ट तिच्या दोन समकालीन स्त्रियांच्या उदाहरणांतून पडताळून पाहता येते. फानी हेन्सेलला, मेंडेल्सोनच्या थोरल्या बहिणीला, बापाने 1820 मध्येच लिहून कळवले होते की संगीत हा फेलिक्सचा पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो केवळ अलंकार. तिने साडेचारशेच्या आसपास रचना केल्या, छापायला सुरुवात केली ती 1846 मध्ये, आणि 1847 मध्ये ती वारली. तिचा ‘ईस्टर सोनाटा’ एकविसाव्या शतकापर्यंत भावाच्या नावावर खपत होता. येथे परवानगीच नव्हती. याउलट पॅरिसच्या लुईज फारांक हिला सगळेच होते : नवरा संगीतप्रकाशक, 1842 पासून तीस वर्षे पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत पियानोची प्राध्यापकी, तीन सिंफनी, आणि 1850 मध्ये तिच्या नोनेटच्या (नऊ वाद्यांच्या रचनेच्या) यशानंतर पुरुष प्राध्यापकांइतकाच पगार, तोही तिने मागून आणि भांडून मिळवलेला. एकीला परवानगी नाही, दुसरीला वेळ नाही, तिसरीला परवानगी, वेळ, पद आणि समान वेतन सगळे मिळाले. तरीही तिघींच्या रचना शंभरएक वर्षे जवळजवळ सारख्याच अंधारात राहिल्या. म्हणजे हयातीतला अडथळा दूर झाला तरी पुरत नाही. मृत्यूनंतर कुणीतरी वाजवत राहावे लागते. वीस वर्षांची क्लारा ‘आजवर कुणा स्त्रीला साधले नाही’ असे लिहू शकली ते याच खंडामुळे.

म्हणून गौरव आणि वादन यांत फरक केला पाहिजे. 1990 नंतर युरो येईपर्यंत जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर क्लाराचे चित्र होते. तिचा चेहरा कोट्यवधी खिशांतून फिरत होता आणि तिचा कॉन्चेर्टो सभागृहांत क्वचितच ऐकू येत होता. महिला दिनाच्या आठवड्यात एखादा रोमान्स वाजवणे हाही याच जातीचा गौरव आहे. मला त्याची चीड येते, कारण त्यात ऐकण्याची जबाबदारी टाळली जाते. स्त्रियांच्या रचनांसाठी वेगळा कोपरा राखून ठेवला की मुख्य कार्यक्रमाला हात लावावा लागत नाही. राखीव जागा देऊन दर्जा खाली आणू नका असे म्हणणाऱ्यांना मी उलट विचारीन : दर्जा ठरवण्यासाठी लागणारे वारंवार ऐकणे या रचनांच्या वाट्याला आले आहे काय? ते येईपर्यंत कार्यक्रमपत्रिकेत त्यांना जाणीवपूर्वक जागा देणे ही मेहरबानी होत नाही, ती परीक्षेची पहिली अट आहे.

हे आपल्यापासून दूरचे प्रकरण नाही. मुंबईत 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम होतात. मुंबईत, पुण्यात, गोव्यात कितीतरी मुलेमुली पियानोच्या श्रेणीपरीक्षा देतात आणि त्यांत मुलींची उपस्थिती डोळ्यांत भरण्याजोगी असते. क्लाराचे संगीत आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, स्वरलिपी सहज मिळते. तिच्या कॉन्चेर्टोला अवाढव्य वाद्यवृंद लागत नाही आणि तो वाजायला वीस-बावीस मिनिटे लागतात. रॉबर्टचा कॉन्चेर्टो ज्या कार्यक्रमात आहे त्याच कार्यक्रमात तो बसू शकतो, आणि दोन्ही ला (A) मायनरमधले असल्याने श्रोत्याला स्वतःच्या कानांनी तुलना करता येईल. ट्रायोला तर तीनच वादक लागतात. शिक्षकांनी विद्यार्थिनीच्या हाती ऑपस 20 ची व्हेरिएशन्स द्यावीत, 1895 मध्ये लिहून काढलेली प्रेल्यूड्स द्यावीत, आणि ती तंतोतंत वाजवून झाल्यावर तिला पुस्तक मिटायला सांगून त्याच स्वरात स्वतःचे एक प्रेल्यूड रचायला लावावे. क्लारा शूमान रोज संध्याकाळी हेच करत होती.